लेव्होफ्लॉक्सासिन चालू असताना टाच दुखू लागली : फ्लुओरोक्विनोलोन औषधांचे धोके

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात राहणाऱ्या एका ताईंचे वडील ६८ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. त्यासाठी ते ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतात. दम्याचा जोर वाढल्यामुळे गेल्या आठवड्यापासून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही चालू आहे. थंडीताप आणि लघवीची जळजळ यांसाठी डॉक्टरांनी त्यांना रोज लेव्होफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅमची एक गोळी दिली. तिसऱ्या दिवशी उजव्या टाचेच्या मागच्या बाजूला दुखू लागले, तरी बाबा कमाटीबागेतले सकाळचे फिरणे सोडत नाहीत. औषधाच्या दुकानात विचारले तेव्हा 'अँटिबायोटिकने टाच कशी दुखेल' असे उत्तर मिळाले. गोळी बंद करावी का, हा त्यांचा पहिला प्रश्न आहे. जुलाबासाठी घरात नेहमी ठेवलेली ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने नुकतीच दोन दिवस घेतली आणि आता तिला नवरात्रात गरब्याला जायचे आहे. तिलाही धोका आहे का, हा दुसरा.

ताई, बाबांना पुढची गोळी देऊ नका आणि ज्या डॉक्टरांनी ती लिहून दिली त्यांना आजच्या आज फोन करा. या दोन्ही गोष्टी एकत्र करायच्या आहेत. नुसती गोळी बंद करून घरी बसणे धोक्याचे आहे, कारण मधुमेही माणसाच्या लघवीतला जंतुसंसर्ग थंडीतापापर्यंत गेला असेल तर तो मूत्रपिंडात किंवा रक्तात पसरू शकतो. त्याला औषधाविना एक दिवसही ठेवू नये. डॉक्टरांना फोनवर नेमके हे सांगा : 'लेव्होफ्लॉक्सासिनच्या तिसऱ्या दिवसापासून टाचेमागची कंडरा दुखते आहे, प्रेडनिसोलोन चालू आहे, दुसरे औषध द्यावे ही विनंती.' (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी पट्टी, इंग्रजीत टेंडन.) एवढ्या वाक्यावरून कोणत्याही जाणकार डॉक्टरांच्या लक्षात येईल की औषध बदलायचे आहे. ते भेटत नसतील तर सयाजी रुग्णालयाच्या किंवा जवळच्या एखाद्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. प्रेडनिसोलोन मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका. त्याचे काय करायचे हे दम्याची स्थिती पाहून डॉक्टरच ठरवतील.

दुकानदारांचा समज चुकीचा आहे, पण तो इतका सर्रास आढळतो की त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन ही सर्व औषधे फ्लुओरोक्विनोलोन या एकाच कुळातली आहेत. जंतूंना आपल्या डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी आणि पुन्हा घालण्यासाठी जी विकरे (एन्झाइम्स) लागतात ती ही औषधे बंद पाडतात, आणि जंतू मरतात. परंतु यांचे रेणू मॅग्नेशियमसारख्या धातूंना धरून ठेवतात, कंडरेतल्या पेशींची ऊर्जानिर्मिती मंदावतात आणि कंडरा ज्या कोलॅजेनच्या तंतूंनी बनलेली असते ते तंतू तोडणारी विकरे वाढवतात, असे प्रयोगशाळेतल्या अभ्यासांतून दिसते. कंडरेला रक्तपुरवठा मुळातच कमी असतो, त्यामुळे तिथे झालेली हानी भरून यायला वेळ लागतो. टाचेमागची अकिलीस कंडरा शरीराचा सारा भार वाहत असल्याने बहुतेक रुग्णांत तीच दुखावते. क्वचित खांद्याची, हाताची किंवा गुडघ्याजवळचीही दुखावते. त्रास पहिल्या ४८ तासांतही सुरू होऊ शकतो आणि औषध संपल्यावर काही महिन्यांनीही. एका पायात सुरू झालेला त्रास दुसऱ्यातही येऊ शकतो.

हा धोका सर्वांना सारखा नसतो. वय साठीच्या पुढे असणे, सोबत स्टेरॉइड चालू असणे, मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असणे किंवा अवयवाचे प्रत्यारोपण झालेले असणे ही धोका वाढवणारी मुख्य कारणे आहेत. आपल्या वडिलांमध्ये यांपैकी दोन निश्चित आहेत आणि तिसऱ्याची शक्यता आहे, कारण मधुमेहात मूत्रपिंडांवर परिणाम होतो आणि लेव्होफ्लॉक्सासिन जवळजवळ सगळेच मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. त्यांचे काम मंद असेल तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर औषध रक्तात साचत जाते. म्हणून मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातल्या क्रिएटिनिनचा अलीकडचा रिपोर्ट असेल तर तो सोबत न्या, नसेल तर करून घ्या.

टाचेसाठी आता काय करायचे ते सांगतो. बागेतले फिरणे पूर्ण बंद. जिना शक्यतो टाळावा, चवड्यांवर उभे राहू नये, पाय ताणण्याचे व्यायाम करू नयेत आणि तेलाने रगडून मालीश तर अजिबात करू नये. आपल्याकडे टाच दुखली की घरातली वडीलधारी माणसे प्रेमाने पाय चोळून देतात, पण सुजलेली कंडरा चोळल्याने आणि ताणल्याने आणखी फाटू शकते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल द्यावे. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या जातीची वेदनाशामके दुकानातून आणू नयेत, कारण ती या वयात मूत्रपिंडांना आणि दम्यालाही बाधू शकतात, शिवाय फ्लुओरोक्विनोलोनसोबत घेतल्यास फिट (अपस्मारासारखा झटका) येण्याची शक्यता वाढवतात. टायझॅनिडीन असलेली स्नायूंची गोळी सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत तर कधीच देऊ नये. दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जातो. टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही नाकारावा.

चालताना अचानक 'फट्' असा आवाज येऊन पोटरीवर मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले आणि त्यानंतर चवड्यावर उभे राहता आले नाही, तर कंडरा तुटली असे समजून लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. तपासणी सोपी असते : रुग्णाला पालथे झोपवून, पाय पलंगाच्या कडेबाहेर ठेवून पोटरी हाताने दाबली की निरोगी पायाचे पाऊल खाली वळते, कंडरा पूर्ण तुटली असेल तर ते जागचे हलत नाही. अर्धवट फाटणे किंवा नुसती सूज सोनोग्राफीत दिसते. वेळीच औषध थांबवले आणि पायाला विश्रांती मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात, मात्र त्याला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. चार दिवसांत बरे वाटले म्हणून बागेत गेले आणि कंडरा तुटली, असे होऊ नये.

आपल्या डॉक्टरांनी हे औषध देण्यात चूक केली का, असा प्रश्न आपल्या पत्रात थेट नसला तरी ओळींमधून जाणवतो. मी त्यांना एकतर्फी दोष देणार नाही. या वयाच्या पुरुषाला तापासह लघवीचा जंतुसंसर्ग होतो तेव्हा प्रोस्टेट ग्रंथीही त्यात सापडलेली असू शकते, आणि त्या ग्रंथीच्या आत नीट पोहोचणारी अँटिबायोटिक्स फार थोडी आहेत. फ्लुओरोक्विनोलोन त्यांपैकी महत्त्वाची आहेत. स्त्रियांच्या मूत्राशयापुरत्या साध्या संसर्गाला चालणारी नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिन ही औषधे इथे पुरेशी पडत नाहीत. मात्र स्टेरॉइड चालू असलेल्या ६८ वर्षांच्या माणसाला हे औषध द्यायचेच असेल, तर 'टाच किंवा कुठलाही सांधा दुखू लागला, पायांत मुंग्या आल्या, डोके भरकटल्यासारखे झाले तर गोळी थांबवून मला कळवा' हे चिठ्ठी देतानाच सांगायला हवे. त्याला अर्धा मिनिट लागतो. या औषधांनी होणाऱ्या नुकसानीचा मोठा भाग पहिले लक्षण दिसूनही गोळ्या चालू राहिल्यामुळे होतो, असे माझे ठाम मत आहे. लघवीचे कल्चर केले असेल तर त्याचा रिपोर्ट मागून घ्या. त्यात जंतूंवर चालणारी दुसरी औषधे लिहिलेली असतात आणि बदल करणे सोपे जाते.

आता साखरेविषयी, कारण बाबांच्या बाबतीत टाचेइतकाच हा धोका मला काळजीचा वाटतो. ही औषधे स्वादुपिंडातल्या पेशींना जास्त इन्शुलिन सोडायला लावू शकतात. ग्लिमेपिराइडही तेच काम करते. दोन्ही एकत्र आल्यावर आजारपणामुळे जेवण कमी झालेल्या वृद्ध माणसाची साखर एकाएकी खूप खाली जाऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली जाहीर केलेल्या आढाव्यात साखर घसरून बेशुद्धावस्थेपर्यंत गेलेल्या ६७ रुग्णांची नोंद होती, त्यांतले १३ जण दगावले होते, आणि सर्वाधिक घटना लेव्होफ्लॉक्सासिनच्या होत्या. याच कुळातल्या गॅटिफ्लॉक्सासिनमुळे साखर इतकी खालीवर होत असे की भारत सरकारने २०११ साली पोटात घेण्याच्या आणि इंजेक्शनच्या स्वरूपात त्याच्यावर बंदी घातली. तेव्हा पुढचे दोनतीन दिवस बाबांची साखर घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळ-संध्याकाळ आणि रात्री झोपताना पाहा. घाम सुटला, हात थरथरले, बोलणे असंबद्ध झाले तर आधी साखरपाणी द्या आणि मग मोजा. ते नीट गिळत नसतील किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काही न देता थेट रुग्णालय गाठा. उलट प्रेडनिसोलोनने साखर वर जाते, त्यामुळे आकडे गोंधळात टाकणारे येतील. ते वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा, ग्लिमेपिराइडचा डोस स्वतः बदलू नका.

मज्जातंतूंवरचे परिणाम मधुमेही रुग्णात ओळखणे अवघड जाते. तळपायांची आग, मुंग्या, बधिरपणा ही लक्षणे मधुमेहातही येतात, म्हणून औषधामुळे नव्याने आली तरी ती 'शुगरमुळे' म्हणून सोडून दिली जातात. फरक वेगात असतो : मधुमेहाचा त्रास महिन्यांनी वाढतो, या औषधांचा काही दिवसांत सुरू होऊ शकतो आणि औषध थांबवल्यावरही काही जणांत टिकून राहतो. वृद्धांमध्ये झोप उडणे, अस्वस्थता, भ्रम होणे हेही दिसते. घरच्यांना वाटते की ताप डोक्यात गेला. ज्यांना अपस्माराचे झटके येतात किंवा मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंच्या दुर्बलतेचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना ते न सांगता ही गोळी घेऊ नये. बाबा दम्यासाठी थिओफिलिन असलेली जुनी गोळी घेत असतील तर तेही सांगा, कारण सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे थिओफिलिन रक्तात वाढते आणि उलट्या, धडधड, प्रसंगी झटकेही येतात. लेव्होफ्लॉक्सासिनमध्ये हा दोष बराच कमी आहे.

महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगण्याच्या किंवा चिरण्याच्या धोक्याविषयी अमेरिकेत २०१८ सालच्या डिसेंबरात इशारा निघाला आणि तेव्हापासून बरेच लोक घाबरून विचारतात. या औषधांमुळे तो धोका सुमारे दुप्पट होऊ शकतो, असे त्या इशाऱ्यात म्हटले होते. पण दुप्पट म्हणजे किती, हे मूळ प्रमाणावर ठरते. सर्वसाधारण लोकांत दर लाख माणसांमागे वर्षाला सुमारे ९ जणांना असा त्रास होतो. सर्वाधिक धोक्याच्या गटात हेच प्रमाण ३०० पर्यंत जाते. धडधाकट तरुणाने या कारणासाठी झोप उडवून घेण्याची गरज नाही. ज्याला महाधमनीचा फुगा आहे हे माहीत आहे, ज्याचा रक्तदाब काबूत नाही किंवा ज्याच्या घराण्यात हा आजार आहे, त्याने मात्र दुसरे औषध मागावेच.

कंडरेबद्दलचा काळ्या चौकटीतला, म्हणजे माहितीपत्रकावरचा सर्वांत कडक, इशारा अमेरिकेत २००८ साली आला; मज्जातंतूंविषयीचा इशारा २०१३ साली अधिक कडक करण्यात आला. २०१६ साली तिथे स्पष्ट सांगण्यात आले की सायनसचा संसर्ग, ब्राँकायटिस आणि लघवीचा साधा संसर्ग यांना दुसरे औषध चालत असेल तर हे देऊ नये. युरोपने २०१८-१९ मध्ये तसेच निर्बंध आणले, आणि जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनने, इतर अँटिबायोटिक्स योग्य नसतील तेव्हाच ही वापरावीत, अशी भूमिका घेतली. दुकानदारांना दाखवायचे असेल तर गोळ्यांच्या खोक्यात येणारे माहितीपत्रक वाचा. कंडरेचा उल्लेख त्यात सापडेल.

आता आपल्या घरातल्या जुलाबाच्या गोळीकडे येतो. बडोद्यातच नव्हे तर जवळजवळ प्रत्येक घरात पोट बिघडले की नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल किंवा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल अशी जोडगोळी घेतली जाते, आणि पावसाळ्यात तर ती शेजाऱ्यांकडून मागूनही आणली जाते. बहुतेक जुलाब विषाणूंमुळे किंवा बाहेरच्या खाण्यातल्या विषामुळे होतात आणि एकदोन दिवसांत आपोआप थांबतात. अँटिबायोटिकचा त्यात काही वाटा नसतो, मात्र श्रेय त्या गोळीला जाते. ओआरएस, पातळ भात-पेज आणि विश्रांती हाच त्यावरचा खरा उपचार. शौचातून रक्त पडणे, मोठा ताप, लघवी कमी होणे ही लक्षणे असतील तर डॉक्टरांकडे जावे, आणि तेव्हाही आपल्या देशातल्या जंतूंनी या औषधांना इतका प्रतिकार मिळवलेला आहे की टायफॉइडसारख्या आजारात, जिथे एकेकाळी सिप्रोफ्लॉक्सासिन हे पहिले औषध होते, तिथे आज डॉक्टर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किंवा अझिथ्रोमायसिन निवडतात.

जुलाबात आणखी एक गुंता होतो ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. जुलाबाने शरीरातले पोटॅशियम घटते, उलटीसाठी ओंडान्सेट्रॉन किंवा डॉमपेरिडोन घेतले जाते आणि वर ही गोळी; या तिन्ही गोष्टी हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत्-लयीवर एकाच दिशेने परिणाम करतात. ज्याला आधीच हृदयविकार आहे त्याला त्यातून चक्कर येऊन कोसळण्याइतका लयबिघाड होऊ शकतो. घरातली ती अर्धी उरलेली पट्टी ठेवून देऊ नका.

आपल्या मुलीची काळजी मात्र फार करू नका. वय लहान, स्टेरॉइड नाही, दोनच दिवस औषध. तिचा धोका खूपच कमी आहे. तरीही गरब्यात अनवाणी पायांनी तासन्‌तास टाचा उचलून फेर धरायचा असतो आणि सगळा ताण नेमका त्याच कंडरेवर येतो, म्हणून नवरात्राआधी मी माझ्याकडे येणाऱ्या तरुण रुग्णांना विनाकारण ही औषधे लिहून देत नाही. तिला आत्ता टाचेत, पोटरीत किंवा गुडघ्यात काही दुखत नसेल तर तिने अवश्य जावे, पण पहिल्या दोनतीन रात्री कमी वेळ खेळावे आणि आधी पाय मोकळे करून घ्यावेत. टाचेच्या मागे नव्याने दुखले तर ते अंगावर काढू नये. त्या रात्री बसून राहावे आणि दुसऱ्या दिवशी दाखवावे. गोळी घेतल्यावर उन्हात त्वचा लाल होऊन भाजल्यासारखी होणे हाही या कुळाचा एक ज्ञात परिणाम आहे; तिचे औषध संपलेले असल्याने आता त्याची चिंता नाही.

खोकल्यासाठी परस्पर लेव्होफ्लॉक्सासिन घेण्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. हे औषध क्षयाच्या जंतूंवरही काम करते. क्षयाचा रुग्ण साधा खोकला समजून ते आठवडाभर घेतो, थोडे बरे वाटते, थुंकीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, आणि निदान लांबते. एवढेच नव्हे तर त्याच्या शरीरातले जंतू लेव्होफ्लॉक्सासिनला दाद देईनासे होऊ शकतात, आणि नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात लेव्होफ्लॉक्सासिन व मॉक्सिफ्लॉक्सासिन ही तर महत्त्वाची औषधे आहेत. म्हणूनच ही दोन्ही औषधे आपल्याकडे २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला रुग्णाची व डॉक्टरांची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते.

बाबांचा त्रास नोंदवला जावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालतो. त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे आणि रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात. बडोदा वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागातही याबाबत विचारणा करता येईल. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, किती दिवस घेतले, त्रास कधी सुरू झाला आणि सोबत कोणती औषधे होती एवढी माहिती लागते, म्हणून बाबांच्या लेव्होफ्लॉक्सासिनची पट्टी फेकू नका.

शेवटी, बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा : 'लेव्होफ्लॉक्सासिनमुळे कंडरेचा त्रास, या गटातील कोणतेही औषध देऊ नये.' नाव बदलले तरी 'फ्लॉक्सासिन' हा शेवट दिसला की तेच कूळ आहे, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. पुढे मोतीबिंदूचे ऑपरेशन करायचे झाले तर नेत्रतज्ज्ञ मॉक्सिफ्लॉक्सासिनचे थेंब देण्याची शक्यता आहे. थेंबांतून रक्तात जाणारे औषध अत्यल्प असते, तरीही त्यांना हा इतिहास आधी सांगा, म्हणजे थेंब द्यायचे की बदलायचे हे ते विचार करून ठरवतील.